दान, ठेव आणि गावाची पुंजी
(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा कळस चढला की गावाचे मन भरून येते. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांना पाणी येते, तरुणांना हुरूप येतो आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरच्या देवाला नमस्कार करायला येतात. अशा मंगल प्रसंगी पैशाचा विषय काढणे काहींना विचित्र वाटेल. परंतु देऊळ भक्तीने उभे राहते आणि हिशोबाने टिकते. जीर्णोद्धाराला लागणारा पैसा उत्साहाच्या भरात जमतो. खरा प्रश्न येतो तो त्यानंतर, दहाव्या-विसाव्या वर्षी, जेव्हा रंग उडतो, गच्ची गळू लागते, विजेचे बिल वाढते आणि वर्गणीची वही घेऊन फिरणारी पिढी थकलेली असते. म्हणून दान म्हणजे काय, ठेव म्हणजे काय आणि या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे सोप्या शब्दांत समजून घेणे हेही देवाचेच काम आहे.

नवी मुंबईतल्या गावठाणांना तर हा विषय फारच जवळचा आहे. १९७० पूर्वी बेलापूर पट्टीतली ही गावे भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासेमारी यांवर जगत होती. त्या काळी देवाचा खर्चही पिकातूनच निघे. खळ्यावर भात मोजताना देवाचा वाटा बाजूला पडे, मिठाच्या हंगामात चार पैसे निघत आणि जत्रेला घरटी वर्गणी होई. कोणाजवळ फार पैसा नव्हता, पण दरवर्षी थोडे थोडे येत असे आणि देवाचा दिवा लागत असे.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. मोबदल्यासाठी आणि हक्कासाठी या भूमिपुत्रांना लढावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्या बलिदानातूनच विकसित भूखंडाच्या साडेबारा टक्के योजनेची वाट पुढे मोकळी झाली. आज ज्या भूखंडांवर इमारती उभ्या आहेत आणि ज्या पैशातून देणग्या आल्या आहेत, त्यांच्या मागे ही किंमत मोजलेली आहे.

शेतीचा पैसा आणि जमिनीच्या मोबदल्याचा पैसा यांत एक मोठा फरक आहे. शेत दरवर्षी पीक देते. मोबदला एकदाच मिळतो. शेत विकता येते, पण ते खिशातून गळत नाही. पैसा मात्र हळदीच्या रात्री, गाडीच्या हप्त्यात आणि दाराशी आलेल्या गोड बोलणाऱ्या माणसाच्या योजनेत कसा जातो ते कळतही नाही. म्हणून एकदाच आलेल्या पैशाला शेतासारखे दरवर्षी पिकायला लावणे, याचेच नाव गुंतवणूक.

खाडीकाठच्या माणसाला ही गोष्ट बांधाच्या उदाहरणाने चटकन पटेल. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून पूर्वी घरटी माणूस जाऊन खारबांध राखत असे. बांध शाबूत असेल तर पीक दरवर्षी घरी येई. उधाणात बांध फुटला की शेत खारवट होऊन कित्येक हंगाम हातचे जात. पैशाच्या बाबतीत मुद्दल म्हणजे तो बांध आणि व्याज म्हणजे आतले पीक. पीक खुशाल खावे, परंतु बांधाला हात लावू नये.

देणगीचे तीन प्रकार

देवळाकडे येणारे सर्व पैसे एकाच जातीचे नसतात. पहिला प्रकार सर्वसाधारण देणगीचा. दानपेटीतील पैसे, उत्सवाची वर्गणी, नवसाची रक्कम ही त्यात मोडते आणि ती रोजच्या खर्चाला वापरता येते. दुसरा प्रकार विशिष्ट कार्यासाठी दिलेल्या देणगीचा. एखाद्याने सभामंडपाच्या फरशीसाठी पैसे दिले, तर ते फरशीसाठीच खर्च व्हावयास हवेत. मंडपाच्या रोषणाईला नव्हेत. तिसरा प्रकार कायम निधीचा. यात देणारा सांगतो की, ही रक्कम मोडू नये, तिच्या व्याजातून दिवाबत्ती करावी, अन्नदान करावे किंवा मुलांना वह्या द्याव्यात.

तिन्ही प्रकारांची पावती वेगळी असावी, निदान पावतीवर हेतू स्पष्ट लिहिलेला असावा. अनेक गावांत भांडणे होतात ती पैसे खाल्ल्यामुळेच होतात असे नाही. पुष्कळदा एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाला वापरला जातो, लिहून ठेवला जात नाही आणि पाच वर्षांनी कोणालाच काही आठवत नाही. मग प्रामाणिक माणसावरही बोट ठेवले जाते. पावतीपुस्तक हे देणाऱ्याइतकेच घेणाऱ्याचेही रक्षण करते.

गुप्तदानाविषयी एक गैरसमज आहे. गुप्तदान म्हणजे देणाऱ्याचे नाव जाहीर न करणे. रक्कम वहीतून लपविणे असा त्याचा अर्थ नाही. दानपेटी उघडताना चार माणसे समोर असावीत, रक्कम तेथेच मोजावी, सह्या व्हाव्यात आणि ती दुसऱ्या दिवशी बँकेत भरली जावी.

एकोणीसशे वर्षांपूर्वीचा कायम निधी

कायम निधी ही कल्पना नवी किंवा परकी मुळीच नाही. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण दिले. कार्षापण म्हणजे त्या वेळचे नाणे. या पैशाला त्याने ‘अक्षयनीवी’ म्हटले आहे. नीवी म्हणजे मुद्दल; जे कधी संपावयाचे नाही ते अक्षय.

त्याने ही रक्कम भिक्षूंच्या हाती दिली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे धंदेवाईक संघांकडे, ती ठेव म्हणून ठेवली. लेखात त्यांना ‘कोलिक’ म्हटले आहे. हे कोलिक म्हणजे विणकर, खाडीवरचे कोळी नव्हेत. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने, आणि दुसरीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, ही अट होती. दोन हजारांवर दरमहा एक टक्का म्हणजे वर्षाला २४० कार्षापण होतात. त्यातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत असे ठरले. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस; हिशोब नाण्याला नाणे जुळतो. याशिवाय त्याने नारळाची ८००० रोपेही दिली. नारळाचे झाड हीसुद्धा दरवर्षी फळ देणारी ठेवच होय.

या एका लेखात आजच्या विश्वस्तांना लागणारे सर्व धडे आहेत. मुद्दल राखले आहे. ठेव एकाच ठिकाणी न ठेवता दोन ठिकाणी विभागली आहे. व्याजाचा उपयोग आधीच ठरविला आहे. खर्च व्याजापेक्षा एका नाण्यानेही जास्त धरलेला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे सारे नगराच्या सभेत वाचून दाखविले व नोंदविले गेले, असे त्या लेखातच म्हटले आहे. मंदिराचा जमाखर्च ग्रामस्थांच्या सभेत मोठ्याने वाचण्याची प्रथा इतकी जुनी आहे.

व्याज आणि महागाई

व्याज दोन प्रकारचे असते. दहा हजार रुपये सात टक्के सरळ व्याजाने ठेवले तर दरवर्षी ७०० रुपये मिळतात आणि दहा वर्षांनी सर्व मिळून १७,००० होतात. तेच व्याज दरवर्षी मुद्दलात मिसळू दिले, तर दहा वर्षांत सुमारे १९,६७० रुपये होतात. फरक लहान वाटतो. पण तीस वर्षे हात लावला नाही तर सरळ व्याजाचे ३१,००० आणि चक्रवाढीचे सुमारे ७६,००० होतात. चक्रवाढीला पैशापेक्षा वेळ जास्त लागतो. म्हणून नातवाच्या बारशाला सुरू केलेली लहान ठेव त्याच्या लग्नाच्या वर्षी काढलेल्या मोठ्या कर्जापेक्षा अधिक कामाची ठरते.

पैसे किती वर्षांत दुप्पट होतील हे काढण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. ७२ या आकड्याला व्याजाच्या दराने भागावे. सहा टक्के असेल तर बारा वर्षे, आठ टक्के असेल तर नऊ वर्षे. हीच युक्ती कर्जालाही लागू पडते. दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने घेतलेले कर्ज फेडले नाही, तर ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिन्यांत दुप्पट होते. आणि कोणी येऊन ‘एका वर्षात दुप्पट’ असे सांगू लागला, तर तो वर्षाला शंभर टक्के देऊ म्हणतो आहे हे ओळखावे. असा कोणता धंदा आहे, एवढाच प्रश्न त्याला विचारावा. उत्तर गुळमुळीत आले तर चहा पाजून निरोप द्यावा.

आता दुसरी बाजू. व्याजामुळे पैसा वाढतो तशी महागाईमुळे त्याची किंमत घटते. वस्तूंचे भाव दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढले, तर त्याच ७२ च्या युक्तीने सुमारे चौदा वर्षांत भाव दुप्पट होतात. म्हणजे मंदिराच्या कायम निधीत दहा लाख असतील, तर चौदा वर्षांनी त्या दहा लाखांत आजच्या पाच लाखांचेच काम होईल. सात टक्के दराने दहा लाखांवर वर्षाला ७०,००० रुपये मिळाले आणि ते सगळे उत्सवात खर्चिले, तर आकडा जागच्या जागी राहील, पण निधी आतून झिजत जाईल. वाळवी लागलेल्या तुळईसारखे ते असते. वरून रंग ठीक दिसतो.

यावर उपाय दोन. पहिला, व्याजातला ठराविक भाग दरवर्षी पुन्हा मुद्दलात टाकावा. महागाईची पूर्ण भरपाई करावयाची तर सत्तर हजारांपैकी पन्नास हजार परत टाकावे लागतील. तेवढे जमत नसेल तर वीस-पंचवीस हजार तरी टाकावेत. दुसरा, निधी आहे म्हणून घरटी वर्गणी बंद करू नये. वर्गणी पन्नास-शंभर रुपयांची असली तरी चालेल. तिच्यामुळे नवी मुले देवळाशी बांधलेली राहतात आणि हिशोब विचारण्याचा हक्क प्रत्येक घराला राहतो.

ठेव कोठे ठेवावी

मंदिराचा पैसा हा विश्वस्तांचा नसतो. ते राखणदार असतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने राखणदारीचे नियम घालून दिले आहेत. विश्वस्त संस्थेची धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी असावी लागते. हिशोब तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत तसे कळवावे लागते. देवस्थानची स्थावर मिळकत परवानगीशिवाय विकता येत नाही. तत्काळ खर्चास न लागणारा पैसा अनुसूचित बँक, पोस्टाचे बचत खाते, सरकारी रोखे अशा कायद्याने सांगितलेल्या जागीच ठेवावा लागतो. गावातल्या कोणाच्या धंद्यात देवाचा पैसा, मग तो माणूस कितीही भला असो, व्याजाने लावता येत नाही. एखाद्या विश्वस्ताने स्वतःसाठी त्यातून उसने घेणे तर वर्ज्यच.

बँकेतही डोळे मिटून ठेव ठेवू नये. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला, ही या परिसराने जवळून पाहिलेली गोष्ट आहे. आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्यांची अशा वेळी झोप उडते. ठेवींना विमा असतो. त्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, पाच लाख रुपये करण्यात आली. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवी विभागून हा विमा चौपट होत नाही. बँका वेगळ्या असाव्या लागतात. पतपेढ्यांतील ठेवींना हे संरक्षण नाही, हेही लक्षात असू द्यावे.

ठेवींची मुदतही एकच नसावी. एक ठेव एका वर्षाची, दुसरी दोन वर्षांची, तिसरी तीन वर्षांची अशी ठेवली, तर दरवर्षी एक मोकळी होते. अचानक छप्पर दुरुस्त करावे लागले तर बाकीच्या मोडाव्या लागत नाहीत. खात्यावर किमान दोघांच्या सह्या असाव्यात.

पावतीसंबंधी आणखी एक गोष्ट. कोणतीही देणगी दिली की प्राप्तिकरात सूट मिळते असे अनेकांना वाटते. ‘८०-जी’ या नावाने ओळखली जाणारी सवलत मान्यताप्राप्त संस्थांनाच लागू असते. केवळ धार्मिक कार्य करणारी मंदिरे सामान्यतः तिच्यात बसत नाहीत. ऐतिहासिक महत्त्वाची म्हणून सरकारने जाहीर केलेली देवस्थाने अपवाद आहेत. तेव्हा विश्वस्तांनी खोटी आशा दाखवू नये आणि देणाऱ्याने सवलतीच्या हिशोबाने देवाला देऊ नये.

घरची शिस्त

गावाचा निधी घराघरांच्या स्थितीवर उभा असतो. घर कर्जात असेल तर देणगी ही फुशारकी ठरते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक क्रम पाळावा. आधी जड व्याजाचे कर्ज फेडावे. मग सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम सहज काढता येईल अशी बँकेत ठेवावी. आजारपणाचा आणि कर्त्या माणसाचा विमा असावा. त्यानंतर मुलांच्या शिक्षणासाठी पोस्टातली किंवा भविष्य निर्वाह निधीसारखी लांब मुदतीची बचत करावी. याउपर जे उरेल, आणि दहा वर्षे लागणार नाही, त्यातलेच काही शेअर किंवा म्युच्युअल फंडात घालावे. तेथे वाढ जास्त होऊ शकते, तशीच घटही होते; उधाण-ओहोटी सोसणाऱ्यानेच त्या पाण्यात उतरावे.

सोन्याचा मोह आगरी-कोळी घरांत मोठा. अडीअडचणीला सोने उपयोगी पडते हे खरेच, पण दागिना मोडताना घडणावळ परत येत नाही आणि कपाटातले सोने व्याजही देत नाही. तेव्हा सोने जरूर असावे, सगळेच सोने नसावे. प्रत्येक ठेवीवर वारसाचे नाव नोंदवावे आणि कागद कोठे आहेत हे घरातल्या स्त्रीला माहीत असावे. नवरा गेल्यावर पासबुके शोधत फिरणाऱ्या बायकांचे हाल ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

या सर्व क्रमात दानाला जागा कोठे? दान अगदी शेवटी, उरलेसुरले, असे नसावे. भाताच्या राशीतून देवाचा वाटा आधी निघत असे, तसाच उत्पन्नातला एक लहान वाटा, शंभरातला एक रुपया का होईना, दर महिन्याला बाजूला काढावा. मोठ्या रकमेची एकदाच दिलेली देणगी फरशीवर नाव कोरते. दर महिन्याची लहान देणगी देऊळ चालविते. मात्र कर्ज काढून किंवा मुलाची फी थांबवून दान करू नये. तशा दानाने कोणताही देव प्रसन्न होत नाही.

देवळाबाहेरचे दान

महाराष्ट्रात दानाचा अर्थ मोठ्या माणसांनी रुंद करून ठेवला आहे. गाडगे महाराजांनी हातात खराटा घेऊन गावोगाव कीर्तने केली, लोकांकडून लाखो रुपये जमविले आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. स्वतःच्या नावावर काही ठेवले नाही. १९५२ साली सर्व कार्याची विश्वस्त व्यवस्था लावून दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तीही घराघरांतून मिळालेल्या मूठमूठ धान्यावर वाढली. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. वाशीला कर्मवीरांच्या नावाचे महाविद्यालय आज उभे आहे आणि या गावठाणांतली मुले तेथे शिकतात. कुठल्या तरी खेड्यातल्या बाईने दिलेल्या धान्याचे फळ येथल्या मुलांना मिळाले, हे दानाचे चक्रवाढ व्याजच होय.

म्हणून मंदिराच्या कायम निधीतील काही भाग दिवाबत्तीला, काही दुरुस्तीला आणि काही गावातल्या हुशार पण गरजू मुलामुलींच्या शिक्षणाला, असा ठराव सभेत करून ठेवावा. कायद्यानुसार संस्थेच्या घटनेत तशी उद्दिष्टे आहेत का, हे आधी पाहून घ्यावे. नसल्यास योग्य मार्गाने ती बदलून घ्यावीत.

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, जमिनीचा मोबदला पुन्हा येणार नाही. ज्या वडीलधाऱ्यांनी तो लढून मिळविला, त्यांतले बरेचजण आज या सोहळ्याला नाहीत. कळसाचे काम झाले, आता बांध घालण्याचे काम राहिले आहे. सोहळ्याचा जमाखर्च एका महिन्याच्या आत मंदिराच्या फलकावर लागावा, शिल्लक रकमेतून कायम निधी सुरू व्हावा आणि दर वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी त्याचे वाचन व्हावे. एवढे झाले तर पुढच्या जीर्णोद्धाराच्या वेळी नातवंडांना दारोदार हिंडावे लागणार नाही.

आई गावदेवी सर्वांना आरोग्य देवो, घरात बरकत देवो आणि हिशोबाची सुबुद्धी देवो.

॥ शुभं भवतु ॥